इंजिनवरचा हात

शब्बीरभाई गेल्याचं भाभीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी अमरावतीत घरी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून अकोल्याची गाडी धरली. वाटेत काही केल्या विश्वास बसेना. आजारी होता हे ठाऊक होतं, फुप्फुसांचं दुखणं होतं. पण परवापरवाच जुन्या शहरातल्या त्याच्या घरी समोरासमोर बसून आम्ही चहा प्यालो होतो. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा, आणि माझी टिंगल चालूच. असा माणूस जातो कसा...

आमचा भागीदारीतला धंदा संत्र्यांच्या वाहतुकीचा. नवा ट्रक घ्यायची ऐपत कधी आली नाही, म्हणून वापरलेले ट्रक पाहत हिंडायचं. मी रंगावर भुलणारा. मागच्या फळीवर मोर काढलेला असला की माझं मन तिथंच बसायचं. शब्बीरभाई म्हणायचा, "तू नवरी पाहाले गेलता तवाबी दाराचा रंगच पाह्यला असशीन." तो स्वतः टायर, पाटे, काहीच आधी बघत नसे. सकाळी लवकर, न कळवता जायचं, बोनेट उघडायला लावायचं आणि इंजिनवर तळहात ठेवायचा. इंजिन थंड असलं तरच पुढची बोलणी.

"येतो मनून सांगाचं नाही," तो मला बजावायचा. "सांगतलं का मालक गाडी तापवून ठेवते. मंग कितीबी खराब गाडी एका सेल्फात उठते. रातभर थंडी पडलेली गाडीच खरं बोलते, भाऊ."

मोर्शीला एकदा असंच झालं. मोरवाला ट्रक, मी तर मनातल्या मनात हारही घातला होता. यानं हात ठेवला, मालकानं दिलेला चहा संपवला, "गाडी लय सुंदर हाय" म्हणाला आणि चालू लागला. परतताना मी रुसून बसलो होतो. तो मात्र मजेत पेरू खात होता.

मग त्याला दम लागू लागला. धंदा माझ्यावर आला आणि मी वरचेवर अकोल्याला जाऊ लागलो. त्याची एकच अट. "फोन करून येत जा. आन् दुपारीच ये, सकायी मी झोपून राह्यतो." मी शहाण्यासारखा दर वेळी फोन करत गेलो. दर वेळी तो खुर्चीत ताठ बसलेला दिसला आणि दर वेळी मी निश्चिंत होऊन परतलो.

माती झाल्यावर काही दिवसांनी भाभीला भेटायला गेलो. ती म्हणाली, "तुमचा फोन आला का सकायपासून तयारी चाले. वाफ घ्याची, दवा घ्याची, मी दाढी करून देवो. मंग दम जमवत चुपचाप बसून राहत. तुमी गेले का बोलताबी येये नाही त्याईले. मी मनो, सांगा ना भाऊले. तं मनत, नको, तो घाबरते."

मी तिथंच रडलो. आयुष्यभर दुसऱ्याची चलाखी ओळखणाऱ्या माझ्या मित्रानं माझ्यासाठी स्वतःला तापवून ठेवलं होतं, आणि मला ते कळलं नाही... एकदा, एकदाच न सांगता सकाळी गेलो असतो तर.

गेल्या आठवड्यात मोर्शीला एक ट्रक पाहायला गेलो. एकटाच. त्याच्याकडे जाता-येता लागलेल्या सवयीनं आधी फोन केला होता. मालकानं हौसेनं बोनेट उघडलं. मी तळहात ठेवला. इंजिन गरम होतं.

शब्बीरभाई असता तर चहा पिऊन निघाला असता. मालकानं विचारलं, "काहून भाऊ, काही खराबी हाय का?"

मी "नाही" म्हटलं. मी येणार म्हणून कोणीतरी सकाळी उठून ते तापवलं होतं. हात काढवेना.