सिल्वासाचं पहिलं गिऱ्हाईक

सिल्वासाजवळच्या अथालमध्ये बायडाबाईंच्या खानावळीत कल्पेशच्या लग्नाचा विषय वाढपाबरोबरच फिरायचा. तो भाकरी वाढायला वाकला की कुणीतरी विचारणारच, यंदा तरी बार उडवणार का? खडोलीच्या कारखान्यात प्लास्टिकच्या साच्यांची ड्रॉइंगं काढणारा आणि दुपारच्या सुट्टीत आईच्या हाताखाली राबणारा हा बायडाबाईंचा बत्तीस वर्षांचा मुलगा मग पाण्याचा जग भरायला निघून जायचा. भित्रा होता बिचारा. किती? तर पाल चुकचुकली तरी आपल्याबद्दलच बोलली असं वाटावं, इतका.

आणि असल्या माणसानं केलं काय, तर फोनवरचा एक गेम बनवला. दोन मुलगे, एकमेकांवर जीव जडलेले. हात हातात धरून सगळं गाव ओलांडायचं. कुणी बघितलं की हात सोडायचा. बास, एवढाच खेळ. तो त्यानं स्वतःच्याच काळजातून काढला होता, हे काय सांगायला हवं? पण खानावळीत ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कधी कळू नये म्हणूनच त्याचा सगळा आटापिटा.

वर्षभर गेम फुकट होता, टोपणनावानं. हजारोंनी खेळला. मग कल्पेशला वाटलं, किंमत लावावी, जमलं तर साचे सोडून हेच करावं. किंमत लावली आणि खेळणारे गायब. नागपूरच्या एकानं लिहिलं, गेम हवाय, पण विकत घेतला की मेसेज बाबांच्या फोनवर जातो. म्हणजे गिऱ्हाईक होतं, चिक्कार होतं, फक्त त्याच्यासारखंच दाराआड बसलेलं. अशांना विकायचं कसं?

बरं, विकणाऱ्याला तरी आडोसा कुठे? पैसे घ्यायचे तर खरं नाव आणि पत्ता गेमखाली सगळ्यांना दिसेल असा द्या, असा त्या ऑनलाइन दुकानाचा नियम. आमच्या शहाण्यानं कुरिअरवाल्याला सांगतात तसा पत्ता ठोकून दिला: बायडाबाईंच्या खानावळीच्या वर, अथाल. मग घाम फुटला. पत्ता बदलायचा तर पुन्हा कागदपत्रांचं लचांड. गेमच काढून टाकायला मात्र एक बटण पुरे. ते दाबायचंही धाडस होईना.

अकराव्या दिवशी पहिली विक्री झाली. गिऱ्हाइकाचं गाव, सिल्वासा.

त्या दुपारी त्याच्या हातून वरण सांडलं. समोर चाळीस माणसं जेवत होती. त्यातलं कोण? फोनकडे बघून गालात हसणारा पॅकिंगमधला विकी? की एरवी मान वर न करणारा आणि आजच टक लावून बघणारा म्हातारा झिपरू? उद्या ही माणसं त्याच्या हातची भाकरी घेतील? नवापूरहून आलेल्या विधवा आईनं वीस वर्षं तव्यापुढे भाजून घेऊन ही खानावळ उभी केली होती, आणि शेजारच्या गल्लीत नुकतीच दुसरी उघडली होती.

तशात श्रीधर साहेब यायचे बंद झाले. नाशिकचे इंजिनिअर, पंख्याखालची जागा त्यांची ठरलेली. तीन दिवस ती रिकामीच.

"साहेब रुसले काय की," बायडाबाई पीठ मळता मळता म्हणाल्या. "मीच त्यांना सांगितलं, पोराची बोहनी करा म्हणून."

कल्पेशच्या हातातला जग कलंडला. "कसली बोहनी, माय?"

"तूच म्हणला ना, गेम विकायले ठेवला? दहा दिवस तोंड पाडून फिरत होता. माझ्या खानावळीत पहिलं ताट साहेबांनीच घेतलं होतं. हात गुणाचा आहे त्यांचा. नाव टाकल्याबरोबर सापडलं म्हणे."

म्हणजे साहेबांनी घेतला, पाहिला, आणि तेव्हापासून पंख्याखालची जागा रिकामी. कल्पेशची रात्र कशी गेली ते विचारू नका. सकाळी त्यानं ठरवलं, दुपारची पंगत उठली की बटण दाबायचं.

पंगत बसली आणि दारात श्रीधर साहेब उभे. प्लांटच्या कामाला पुण्याला गेलो होतो म्हणाले, आणि पंख्याखाली बसले. कल्पेश भाकऱ्या घेऊन गेला.

"कल्पेश, गेममधल्या त्या बाजारात मी तीन दिवस अडकलोय रे," साहेब नेहमीच्याच आवाजात म्हणाले. "पावलोपावली कुणीतरी बघतंय, आणि हात सोडावे लागतात. सोडलेच नाहीत तर काय होतं?"

तव्यावरचा आवाज थांबला. बायडाबाई इकडेच बघत होत्या. हजारोंनी खेळलेल्या त्या गेममध्ये हात न सोडण्याचं आजवर कुणालाच सुचलं नव्हतं. तशी वाट आपणच ठेवलीय, हे बनवणाराही विसरून गेला होता.

"काही होत नाही, साहेब," कल्पेश म्हणाला. "लोक बघतात. चालत राहिलं तर पलीकडे जाता येतं."

"असं होय," म्हणत साहेबांनी भाकरी मोडली.

विकीनं मान वर केली. "कोणता गेम, साहेब?"

"त्यालाच विचार. त्याचा आहे."

कल्पेशनं आईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पाण्याचा जग भरलेलाच होता.

"माझा आहे," तो म्हणाला. "दोन मुलग्यांचा. एकमेकांवर प्रेम असतं त्यांचं."

विकी घास तोंडात धरून बघत राहिला. झिपरूही बघत होता. मग विकीनं डाव्या हातानं खिशातला फोन काढला. "फुकट आहे का?"

"नाही," कल्पेश म्हणाला, आणि विकीच्या ताटावर भाकरी धरली. विकीनं ती घेईपर्यंत त्यानं हात मागे घेतला नाही.