अर्धा कप धरत नाहीत

पायलटच्या मेडिकलचा फॉर्म जे प्रश्न विचारतो, ते घरात कुणी कुणाला विचारत नाही. कधी शुद्ध हरपली होती का, झोपेत चालता का, कानातून पाणी येतं का. मी भराभर 'नाही' करत चालले होते आणि मग तो प्रश्न आला: वारंवार डोकं दुखतं का?

दुखायचं, शाळेपासून. घरात त्याला नुसतं 'हिचं डोकं' म्हणत, जसं एखाद्या घरात 'ह्यांचा गुडघा' असतो. आईचंही दुखायचं, आजीचंही दुखायचं, त्यामुळे त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. आई तर थोड्या ऐटीतच सांगायची, "नाक बापाचं घेतलंय, डोकं माझं."

बाबा अंबरनाथच्या आनंदनगरला एका केमिकल कंपनीत शिफ्ट सांभाळतात. ते म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला? कंपनीच्या मेडिकलला मी कधी पाठ दुखते म्हणून सांगितलंय?" उल्हासनगर कॅम्प चारमधले आमचे सिंधी फॅमिली डॉक्टर, ज्यांच्या गुलाबी औषधावर मी वाढले, ते म्हणाले, "बेटा, नो लिखो. यस लिहिलं ना, तर मग सवाल पे सवाल." बदलापूरची मावशी म्हणाली, "अगं, डोकं कुणाचं दुखत नाही?"

मावशीचा प्रश्न मला फार आवडला. तिला उत्तर नको होतं, पण मी शोधायला लागले. भेटेल त्याला विचारायचे, तुमचं डोकं कसं दुखतं? बाबांचं म्हणे कंपनीच्या वासाने कपाळावर दुखायचं. मावशीचं पित्ताने. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं सुनेमुळे, आणि सुनेला विचारलं तर तिचंही काकूंमुळे. एकाच शब्दाखाली इतकी वेगवेगळी दुखणी सुखाने नांदत होती आणि सगळ्यांवर उपाय एकच, बाम.

खोटं लिहायला माझी तत्त्वाची काही अडचण नव्हती, मी काही हरिश्चंद्राच्या घराण्यातली नाही. पण आपण नक्की काय लपवतोय हेच माहीत नसेल, तर लपवायचं तरी कसं? आणि हे डोकं उद्या वर, विमान हातात असताना काय करेल, ते मला कुणी सांगेना. मी 'हो'वर खूण केली. बाबा दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

मेडिकल दोन टप्प्यांत होते, आधी क्लास टू आणि मग खरी कसोटी, क्लास वन. क्लास टूच्या डॉक्टरांनी माझा 'हो' पाहिला आणि चष्मा काढला. "मायग्रेन आहे?"

"माहीत नाही."

"मग माहीत करून घे. अर्धशिशी निघाली तर हे सगळं अवघड आहे. नसेल तर न्यूरोलॉजिस्टकडून तसं लिहून आण."

म्हणजे आता सगळं एका शब्दावर आलं होतं. बारावीला फिजिक्स घेतलं ते विमानासाठी, ग्राउंड पेपरांचा, म्हणजे पायलटच्या लेखी परीक्षांचा, अभ्यास चालू होता तो विमानासाठी, आणि अर्धशिशी हा शब्द मी तोवर फक्त आजीच्या तोंडून ऐकला होता. मला भीती वाटली, ती खरीच वाटली. पण त्याहून जास्त, आता कुणीतरी या डोक्याची नीट चौकशी करणार, याची उत्सुकता होती.

न्यूरोलॉजिस्ट बदलापूरला एका नव्या हॉस्पिटलात बसायचे. त्यांनी विचारलं, कुठली बाजू? ठणकतं की आवळतं? उजेड सहन होतो? दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही दिसतं? मी म्हटलं, काय दिसणार? ते पुढे गेले. दुखतं कधी, यावर मात्र मला काही सांगता येईना. "लक्ष ठेवा आणि या," ते म्हणाले.

लक्ष ठेवलं आणि थक्कच झाले. माझं डोकं रविवार पाळत होतं. रविवार, नाहीतर सणाची सुट्टी. कंपनीचा वास रोजचा, काकू-सुनेचं भांडण रोजचं, मग रविवारीच काय होतं? मी हे कोडं घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "चहा किती घेता?"

"दोन."

"आणि अर्धा अर्धा?"

"ते कुठे चहात येतं?"

डॉक्टर आमच्याच भागातले असावेत, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला मोजायला लावलं. पहाटे बाबा फर्स्ट शिफ्टला निघताना त्यांच्याबरोबर अर्धा. आई उठली की तिच्याबरोबर अर्धा. क्लासमध्ये सरांचा येतो त्यातला अर्धा. काकूंकडे अर्धा, नाहीतर त्यांना राग येतो. आपल्याकडे अर्धा कप कुणी धरतच नाही. 'अर्धाच टाक' म्हणणं म्हणजे जवळजवळ 'नको' म्हणणं. रविवारी बाबा उशिरा उठायचे, मी त्यांच्याहून उशिरा, आणि पहाटेचे हे न धरलेले चहा बुडायचे.

"तुमचं डोकं चहा मागतंय असं दिसतं," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू बंद करा, मग बोलू."

मला कुठला दम, मी एकदम बंद केला. आई म्हणाली, "मी पण सोडते. डोकं एकच आहे आपलं, तुझं जाईल तर माझंही जाईल." पहिले काही दिवस मी कुणाशी धड बोलले नाही, आणि जे बोलले ते बोलायला नको होतं. मग एक रविवार आला. दुपारपर्यंत मी डोक्याची वाट बघितली. ते आलंच नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी आईला मिठी मारली तर ती म्हणाली, "माझंही गेलं गं."

पुढच्या वेळी ती माझ्याबरोबर आली. डॉक्टर माझा कागद लिहीत होते, अर्धशिशी नाही, उड्डाणाला हरकत नाही. लिहिता लिहिता त्यांनी सहज तिला विचारलं, "तुमचंही चहानेच होतं म्हणायचं?"

"हो ना," आई म्हणाली. "आधी ती रांगोळी दिसायची, मग तासाभरात सुरू. आता काही नाही."

डॉक्टर लिहायचे थांबले. "कुठली रांगोळी?"

"ती हो, सगळ्यांना दिसते ती. डोळ्याच्या कडेला चमचमते, नागमोडी. मग वाचताना अर्धं अक्षर पुसलं जातं."

"सगळ्यांना नाही दिसत, ताई."

आई माझ्याकडे वळली. मी 'नाही' अशी मान हलवली. इतकी वर्षं आम्ही एकाच डोक्याच्या गप्पा मारत होतो आणि मला त्या रांगोळीचा पत्ता नव्हता. कशी दिसते, रंग असतात का, डोळे मिटल्यावरही असते का, मला एका दमात सगळं विचारायचं होतं. पण आईचा चेहरा उतरला होता. "मी उगाच बोलले," ती म्हणाली. "हिच्या कागदात हे नका लिहू."

"हिला ते दिसत नाही, म्हणून तर हिला देतोय," डॉक्टर म्हणाले. "तुमची मात्र खरी अर्धशिशी आहे. चहा सोडून ती जात नसते."

"माझी गेली," आई ठामपणे म्हणाली आणि पर्स उचलून उभी राहिली.

घरी येताना रिक्षात मी पुन्हा विचारलं. "गेलं म्हटलं ना," ती म्हणाली. "तू तुझं बघ." मीही माझं बघितलं.

त्या कागदावर क्लास टू पार पडली, आणि क्लास वन मुंबईत झाली. रक्त, ईसीजीची पट्टी, कानात शिट्ट्या, ठिपक्यांतले आकडे. डोकेदुखीच्या रकान्याशी तिथले डॉक्टर थांबले, न्यूरोलॉजिस्टचा कागद वाचला, चहाचं ऐकून हसले. घरी कुणाला आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी आईची रांगोळी जशीच्या तशी सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आणि पुढचा प्रश्न विचारला. सगळं आटोपल्यावर समजलं, मी फिट आहे.

बाहेर येऊन मी आईला फोन लावला. बऱ्याच रिंगांनंतर तिने उचलला.

"आई, फिट."

"नक्की? आता परत काही विचारणार नाहीत ना कुणी?"

"नाही. झालं सगळं. तुझा आवाज असा का येतोय?"

"पडलेय जरा, दिवा बंद करून," ती म्हणाली. "सकाळपासून फार दुखतंय गं डोकं. आता सांगायला हरकत नाही ना?"