गार्ड न काढता

"ताई, हे गेले. तुम्ही या. घाई करू नका, आता घाई कशाची…" मंदावहिनीचा फोन आला तेव्हा मी जालन्यात कार्यालयाच्या पायऱ्या चढत होते. विलासदादा, माझा सख्खा मोठा भाऊ, अंबडला आपल्या गॅरेजमध्ये सकाळचा चहा घेत स्टुलावर बसला होता, तो तिथंच कलंडला. बावन्न वर्षांचा माणूस! ना बीपी, ना शुगर. एसटीत माझं रडणं बघून शेजारच्या बाईंनी विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाल्या, "देवाची मर्जी." मी म्हटलं, "आमची मर्जी विचारायला काय झालं होतं त्याला?" बाई अंबड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या. माझा स्वभावच असा आहे, आणि दादाचाही असाच होता. आज सहा आठवडे झाले. राग उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

आमचं घर कुंभार पिंपळगावचं, शेतीचं. दहावीनंतर दादानं शेतात पाऊल टाकायचं नाव काढलं नाही. आमचे वडील, अण्णा, भडकले. "शेती सोडून लोकाच्या गाड्या पुसणार का रे?" दादा म्हणाला, "पुसणार न्हाई, खोलणार." त्या एका वाक्यावर बापलेक वर्षभर बोलले नाहीत. पुढं अंबडच्या रस्त्याला त्यानं पत्र्याचं शेड टाकलं, लग्न झालं, मंदावहिनी आली. अण्णांची स्वतःची गाडी बंद पडली तेव्हा मात्र ते मुकाट्यानं ती ढकलत दादाच्याच दारात घेऊन आले. दादानं ती नीट करून दिली आणि एक शब्द बोलला नाही. मी त्याच्या जागी असते तर बोलले असते.

त्याच्या कामातली एक गोष्ट सांगते, कारण ती कळल्याशिवाय दादा कळायचा नाही. हल्लीच्या बऱ्याच मोटारसायकलींना पुढच्या बाजूनं प्लॅस्टिकचं मोठं आवरण असतं. पुस्तकात त्याला फेअरिंग म्हणतात, आमच्याकडं सगळे फायबर म्हणतात. आणि गाडी पडली तर ते फुटू नये म्हणून लोक बाहेरून लोखंडी नळ्यांचा क्रॅश गार्ड बसवून घेतात. गंमत अशी की गाडीला वाचवणारा हा गार्ड दुरुस्तीच्या वेळी मेकॅनिकच्या मुळावर येतो. फायबरचा खालचा बोल्ट नेमका गार्डच्या नळीमागं लपतो. मग बहुतेक जण आधी गार्डच काढतात. दादानंही सुरुवातीला तेच केलं. आष्टीच्या एका गुरुजींची गाडी होती. त्यानं दोन्ही बाजूंचा गार्ड एकदम सोडला आणि इंजिन अंगठाभर खाली बसलं! कारण गार्डचे बोल्ट आणि इंजिन धरून ठेवणारे बोल्ट एकच होते. मग भोकाला भोक जुळेना, दादानं जोर लावला, आटे गेले. गुरुजी उन्हात उभे, दादा घामानं निथळतोय. संध्याकाळपर्यंत खटपट चालली. नंतर गुरुजींना त्यानं सरळ सांगितलं, "चुकी माझी हाये. आजपून गार्डला हात लावणार न्हाई. फायबर गार्डच्या आतूनच काढीन."

बाकीचे मेकॅनिक हसले. "अरे विलास, हात तरी जातो का आत?" आणि खरंच जात नव्हता. दादाचे पंजे म्हणजे फावडी. त्यानं सगळं शोधून काढलं होतं. हँडल पार डावीकडं वळवायचं, वरचे दोन बोल्ट सोडायचे, फायबरचं टाकीजवळचं जिभेसारखं टोक रबरातून अलगद ओढायचं, मग दाराच्या चौकटीतून पलंग काढतात तसं फायबर तिरकं करून खालून घ्यायचं. सगळं जमलं, पण तो खालचा बोल्ट काही हाताला लागेना. त्या दिवशी वहिनी डबा घेऊन आली होती. थोडा वेळ त्याची चिडचिड ऐकली आणि म्हणाली, "सरका जरा." उजव्या हातातल्या बांगड्या काढून सीटवर ठेवल्या, नळी आणि फायबरच्या फटीतून हात घातला, बोटांनी चाचपडत, पाना लावून बोल्ट सोडवला आणि त्याच्यामागची इंडिकेटरची वायरही काढली. दादा बघतच राहिला. "मंदे, हे तू काहून आधी न्हाई सांगितलं?" वहिनी म्हणाली, "तुम्ही विचारलं कधी?"

तेव्हापासून वीस वर्षं हे काम दोघांचं. दादा फायबर तोलून धरायचा, वहिनीचा हात आत. गिऱ्हाईक आलं की दादा सांगायचा, "हे माझं काम न्हाई, मालकिणीचं हाये. ती भाकरी टाकून राह्यली, बसा जरा." लोकांना वाटायचं हा थट्टा करतोय. ती थट्टा नव्हती हो! आमच्या नात्यातल्या पुरुषांना बायकोचं एवढं कबूल करताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

आता तो दिवस… अंगणात दादाला ठेवलेलं, आत बायका जमलेल्या. आमची चुलती, काकू, वहिनीजवळ सरकली. काकू वाईट नाही. आई गेल्यावर आम्हा दोघा भावंडांना तिनंच वाढवलं. ती मला म्हणाली, "सुमन, तू सख्खी नणंद. धर हात, बांगड्या फोडून घे. न्यायची येळ झाली." खोटं कशाला सांगू, मी हात धरला. शिकलेली, नोकरी करणारी, एसटीत देवाला जाब विचारणारी मी, बायकांच्या त्या घोळक्यात मला नाही म्हणायचं सुचलंच नाही. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. रडून आवाज बसला होता, तरी स्वच्छ म्हणाली, "ताई, उजव्या हातातल्या मी रोजच काढते. कामापुरत्या काढते आन् परत घालते. त्यांनीच भरल्यात ह्या. फोडायच्या न्हाईत."

मी हात सोडला, आणि मग जी बोलले ती बोलले. काकू म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणू दे! माझा भाऊ गेलाय, त्याच्या बायकोचे हात न्हाई गेले." बायका कुजबुजल्या, दोघी उठूनही गेल्या. बांगड्या राहिल्या.

नंतर धाकटे काका आले, शटर बंद करा म्हणाले, बाईमाणसानं एकटीनं गॅरेजात बसणं बरं दिसत नाही म्हणाले. वहिनीनं त्यांना चहा दिला आणि तेराव्यानंतरच्या सोमवारी शटर वर केलं. पण खरं सांगते, त्या शटरनं काही मिटलं नाही. आमचा प्रश्न त्या हातांचाच होता. येताजाता नजरा आधी वहिनीच्या मनगटाकडं जायच्या. एकदा ती मला म्हणाली, "ताई, कधी वाटतं, काढून टाकाव्यात. लोकाचे डोळे टोचतेत." मीच तर तो हात धरला होता…

गेल्या रविवारी मी गॅरेजवर होते. काकूही आल्ती, स्टुलावर बसून होती. तेवढ्यात परतूरकडचा एक माणूस गाडी घेऊन आला, फायबरच्या आतून खडखड आवाज येत होता. गार्ड काढावा लागेल असं त्याला दोघातिघांनी सांगितलं होतं. त्यानं शेडमध्ये नजर फिरवली, वहिनीच्या हातातल्या बांगड्यांवर ती थांबली, आणि साहजिकच त्यानं विचारलं, "मालक बाहेर गेलेत का?"

काकूनं मान खाली घातली. वहिनी म्हणाली, "वारले. दीड महिना झाला. हँडल डावीकडं दाबून धरा, न्हाई तर माझा हात अडकतो." उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून तिनं माझ्याकडं दिल्या, त्या मी ओच्यात खोचल्या. दादा धरायचा तसं फायबर मी धरलं. मला ते बराबर तोलता येईना. "ताई, तिरकं, तिरकं करा! हां, बास." बोल्ट निघाला, वायर निघाली, फायबर गार्डच्या आतून सरकत बाहेर आलं. कुठं ओरखडा नाही. आत खालची पट्टी सुटली होती, ती तिनं आवळली, सगळं परत बसवलं. माणूस गेला.

वहिनी कोपरापर्यंत काळ्या तेलानं माखली होती. चिंधीनं तिनं उजवं मनगट पुसलं आणि काकूच्या समोरच तो हात माझ्यापुढं केला.

"ताई, माझी बोटं माखलीत. तुम्हीच चढवा."

मी चढवल्या. सहाच्या सहा.