हेडक्लार्कचा पिवळा गुलाब

आमच्या गल्लीतल्या निवृत्त हेडक्लार्कने नोकरीत काय दिवे लावले ते त्याच्या फायलींनाच ठाऊक. घरी त्याची सगळी ऐट दारातल्या पिवळ्या गुलाबावर चालायची. असा गुलाब आसपास दुसरा नव्हता, आणि तो होऊ नये एवढाच या गृहस्थाचा उद्योग. लोक कुंपणाशी थांबून वा वा करायला लागले की हा बनियनवरच बाहेर यायचा, जणू फुलं ह्याच्याच अंगाला आलीत.

गुलाब लावायला बी लागत नाही. पेन्सिलीएवढी काडी ओल्या मातीत खोचली की पेराशी मुळ्या फुटतात, वरचे डोळे उघडतात, आणि वाढतं ते झाडाचं पोर नव्हे, तेच झाड. तोच रंग, तोच वास. हे कळल्यापासून त्याची झोप उडाली. छाटलेल्या काड्या तो उकळत्या पाण्यात बुचकळून मगच कचऱ्यात टाकायचा. कचरेवाली म्हणायची, ह्यांच्याकडे गुलाबाची भाजी करतात वाटतं.

एकदा मुळावरचा फुटवा भिंतीखालून शेजाऱ्याच्या अंगणात निघाला. झालं. ह्याने गवंडी बोलावून बुंध्याला चिकटून सिमेंट ओतून घेतलं. झाड गुदमरेल, असं गवंडी सांगत होता. पण झाड कुणाचं? ह्याचं. दोन महिन्यांत फांद्या काळ्या पडल्या. कुंपणाशी थांबणारे सरळ पुढे जायला लागले, आणि हा ओट्यावर चुकून आलेल्या पाहुण्यासारखा बसून राहिला.

मग कानावर आलं, की शिवणकाम करणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या दारात, तेलाच्या डब्यात, तोच गुलाब फुललाय. मागे कधीतरी ह्यानेच मोठ्या मनाने तिला केसांत माळायला एक फूल दिलं होतं. फूल सुकलं, लांब देठ तिने मातीत खोचला.

हा तावातावाने गेला. "आक्का, ते झाड माझं आहे."

तिने मशीनही थांबवलं नाही. "तुझंच की. काडी हवी का?"

हवी होती. कशी लावायची ते ती सांगायला लागली, तर म्हणाला, गुलाबात माझं आयुष्य गेलंय. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ कुंडीला पाणी घातलं, काडी काही फुटेना, शेवटी तिलाच बघायला आणलं.

"अरे शहाण्या, काटे आभाळाकडे बघतायत. बुडखा वर ठेवलायस."

दुसरी देते, पण लावणार मी, असं ती म्हणाली. ते ह्याला कमीपणाचं वाटलं. लोक म्हणतील, बहिणीने लावून दिला.

आता हा रोज तिच्या दारात, डब्याशेजारी स्टूल टाकून बसतो. कुणी फूल बघायला थांबलं की सांगतो, मूळ झाड माझं. थांबणारा मान डोलावतो, आणि काडी बहिणीकडे मागतो.