मेमरीच्या कार्डातून आईची कवळी

"भंगार फोडायला बंगळूर कशाला पायजे, आपल्या दुधनीत भंगार न्हाय व्हय?" दादा, सकाळी फोनवर तू परत तेच बोललास. म्हणून आज इथं फेसबुकवर सगळ्यांसमोर लिहितो.

आमच्या गोदामात जुने कॉम्प्युटर फोडतात. आज एक वीतभराहून लांब कार्ड हाताला लागलं. एकसारख्या चिपांच्या ओळीच ओळी, आणि मागं वायर लावायला जागाच नाही. म्हणजे पहिल्या काळातल्या कॉम्प्युटरची मेमरी वाढवायचं कार्ड! असलं कार्ड किलोवर घालायचं नसतं, अख्खं विकायचं. शेठ म्हणाले, "गिऱ्हाईक आण, निम्मे तुझे."

आईच्या कवळीचं काम झालं असंच मी धरलं.

दुपारी जुनी मशिनं जमवणारे एक काका आले. माझं दुधनीकडचं कन्नड ऐकून आधी हसले. मग कार्ड उलटंपालटं करून म्हणाले, "अरे, निम्म्या चिपा कुटं गेल्या?"

मी गिऱ्हाईक शोधेपर्यंत गोदामातल्या आमच्याच पोरांनी उपसून पोत्यात टाकल्या होत्या, चिपा वेगळ्या विकतात म्हणून. पोतं ओतलं आणि वरचे बारीक नंबर जुळवत बसलो. डोळे चुरचुरायला लागले, मान धरली. संध्याकाळपर्यंत थोड्याच सापडल्या. काकांनी कार्ड घेतलं, पण पडत्या भावात.

मित्रांनो, कवळी स्वस्तात कुठं बसते, कुणाला माहीत असलं तर सांगा. आई कडक भाकरी आमटीत भिजवून गिळते आणि फोनवर "मला आवडतीच तशी" म्हणते.

दादा, डॉक्टरांनी आठ हजार सांगितलेत. बाकीचं तू बघ, भांडण नंतर करू. कार्डातले माझ्या वाट्याचे तीन हजार दोनशे मी आज पाठवतोय.