टोपीएवढे पंचवीस किलोमीटर

आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या वर भिंतीला एक पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं: 'एक किलोबार म्हणजे साडेतीन किलोमीटर.' पुणं सोडून हैदराबादला नोकरीला आलो, त्याच वर्षी लावलेला. तेव्हा मला सगळं येत होतं.

हिशेब अगदी सोपा. डोंगर घडताना खडक खाली खोल ढकलले जातात. वरच्या खडकांचं ओझं त्यांच्यावर येतं आणि त्या दाबात त्यांच्यात नवी खनिजं तयार होतात. पुढे खडक वर आला तरी ती खनिजं बरेचदा टिकून राहतात. त्यावरून दाब किलोबारमध्ये काढायचा, पुठ्ठ्याकडे बघायचं, साडेतीनने गुणायचं. खडक किती खोल जाऊन आला ते हजर! मी तर गुणाकारसुद्धा तोंडी करायचो. कुणी 'दहा किलोबार' म्हणायच्या आत मी 'पस्तीस किलोमीटर' म्हणून मोकळा. एकदा दवाखान्यात नर्सने रक्तदाब सांगितला, तेव्हा ओठांवर आलेला आकडा कसाबसा गिळला.

माझ्याकडे पीएच.डी. करणारी मुलगी हैदराबादच्याच गौलीगुड्यातली. वडिलांचं तिथे भांड्यांचं दुकान, आजोबा निजामाच्या काळात मराठवाड्यात शेती करणारे. घरात पहिलीच एवढी शिकलेली. कुकटपल्लीच्या एका कॉलेजात तिची नोकरी ठरली होती, फक्त पदवीचा कागद याच सत्रात हवा होता. तोंडी परीक्षेची तारीख मिळाली, तेव्हा सत्र संपायला दीड महिना उरला होता.

प्रबंध जवळजवळ तयार असताना ती दोन आकडे घेऊन आली. हिमालयातल्या एकाच कड्यावरचे दोन तुकडे. भोवतालच्या करड्या खडकाचा दाब चौदा किलोबार, त्यात अडकलेल्या काळ्या, टणक गोळ्याचा एकवीस.

मी तोंडी गुणलं. "एक तुकडा एकोणपन्नास किलोमीटर खोल आणि दुसरा साडेत्र्याहत्तर? एकाच कड्यावर? नमुन्यांच्या पिशव्या बदलल्यास तू."

"नाही सर, नाही बदलल्या."

"मग दगडांना पाय फुटले का?"

"सर, दाब फक्त ओझ्याचाच असतो का? दोन्ही बाजूंनी डोंगर दाबतोय, त्यात मधला कडक तुकडा जास्त दाब खात असंल तर? अडकित्त्यातली सुपारी कुठं जमिनीत पुरलेली असते?"

"सुपारीवर प्रबंध लिहायचाय का?" मी म्हणालो. स्वतःच्या विनोदावर हसलोही. मग काळ्या तुकड्याचा निकाल काढून टाकायला सांगितला. वर शहाणपणाने तक्त्यातला दाबाचा रकानाही काढायला लावला, फक्त खोली ठेवायची. "लोकांना किलोमीटर कळतात," म्हणालो.

ती "हौ सर" म्हणाली. हैदराबादेत 'हौ'चे अनेक सूर आहेत. हा कुठला होता, ते मला कळायला हवं होतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक पहिल्या रांगेत बसले, बारीक अंगाचे, मऊ आवाजाचे. त्यांच्या शेजारी मी, टेबलावर माझी खाकी टोपी. उन्हातान्हात दगड फोडताना घालायची ती. पण टक्कल झाल्यापासून मी ती लग्नालाही घालतो. मागच्या रांगेत तिचे वडील, मांडीवर बालूशाहीचा खोका. निकाल लागला की वाटायचा.

बोलणं इंग्रजीत चाललं होतं. परीक्षकांनी प्रबंध चाळला आणि म्हणाले, "तक्त्यात सगळी खोलीच आहे. तुम्ही खोली मोजलीत?"

"नाही सर. दाब मोजला."

"मग तो कुठे आहे?"

परीक्षकांनी कड्याच्या फोटोवर बोट ठेवलं. "आणि हा काळा गोळा? याचा दाब काढला नाहीत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाली तर खोटं. हो म्हणाली तर निकाल लपवला, आणि तशा प्रबंधाला पदवी कोण देतो? मागे खोक्याची दोरी करकरल्याचं मला ऐकू आलं.

"काढला होता सर," ती म्हणाली. "एकवीस. प्रबंधात घातला नाही."

का, ते तिने सांगितलं नाही. माझं नाव वाचवत होती. मला उठून उभं राहावं लागलं. अजूनही माझी खात्री होती की पिशव्याच बदलल्या आहेत, म्हणून आवाजही खणखणीत लागला. "तो मीच वगळायला लावला. नमुने गोळा करताना गोंधळ झाला असावा."

"नमुने कुणी गोळा केले?" परीक्षकांनी विचारलं.

तिने पडद्यावर तोच फोटो मोठा केला. कडा. करडा खडक, त्यात काळा गोळा. आकाराचा अंदाज यावा म्हणून मधोमध ठेवलेली एक खाकी टोपी. टोपीच्या डावीकडे एक तुकडा, उजवीकडे एक, दोन्हींवर जाड पांढऱ्या पेनाने नंबर. इंग्रजी सातचा पाय आडवा कापलेला. असा सात त्या प्रयोगशाळेत एकच माणूस काढतो.

तुकडे मी फोडले होते, नंबर मी घातले होते, पिशव्या मी बांधल्या होत्या. आणि साफ विसरलो होतो.

तेवढ्यात मागून तिचे वडील, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मोठ्यांदा मराठीत म्हणाले, "अहो सर, ती टोपी तं तुमचीच दिसते!"

सगळं सभागृह पडद्यावरच्या टोपीकडून टेबलावरच्या टोपीकडे वळलं. डावीकडे चौदा, उजवीकडे एकवीस. माझ्या पुठ्ठ्याप्रमाणे दोन्ही तुकड्यांच्या खोलीत जवळजवळ पंचवीस किलोमीटरचं अंतर. आणि मधे काय? माझी टोपी. मी खाली बसलो. बसलो म्हणजे खुर्ची तिथे होती हे नशीब.

"दोन्हींच्या मधे एखादा भ्रंश, खडक सरकल्याची खूण?" परीक्षक तिला विचारत होते.

"शोधली सर. खडकातले पट्टे अखंड आहेत."

"करडा खडक नंतर बदलला असेल आणि त्यातली जुन्या, जास्त दाबाची खूण पुसली गेली असेल."

"असू शकतं. किंवा कडक तुकड्याने जास्त दाब सोसला असेल. मला अजून ठरवता येत नाही. दाब मला माहीत आहे सर. किती खोल, ते नाही."

परीक्षक पहिल्यांदा हसले. मग माझ्याकडे वळले, तेव्हा हसत नव्हते. "प्रोफेसरसाहेब, रकाना परत घाला. काळा तुकडा परत घाला. दोन्ही शक्यता लिहा. महिन्याभरात आलं तर मी पदवीची शिफारस करतो."

बाहेर वडिलांनी मुलीला विचारलं, "पास का नापास?"

"एक महिना थांबा, बाबा."

"मग बालूशाही?"

"सरांना द्या," ती म्हणाली. "त्यांना चक्कर आल्यासारखं वाटतंय."

मी दोन खाल्ल्या. बरकतपुऱ्याला घरी जाण्याआधी प्रयोगशाळेत गेलो आणि पुठ्ठा उपटला. भिंतीचा रंगही सोबत आला. तिथे उभा राहून मी इतक्या वर्षांत कुणाकुणाला किती किलोमीटर खाली गाडलं, ते आठवायला लागलो. मग आठवणं सोडून दिलं. सोसवेना.

सत्तावीस दिवसांनी ती सुधारलेला प्रबंध सहीला घेऊन आली. दाबाचा रकाना होता, काळा तुकडा होता. कड्याच्या फोटोखाली नवी ओळ होती: 'प्रमाणासाठी: मार्गदर्शकांची टोपी.'

"हे नको," मी म्हणालो.

"काढायला नक्को सर," ती म्हणाली. "या वेळी काही काढायचं नाही."

मी सही केली.