तलफच आहे, जाईल

आमच्या ह्यांना कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर ठेवलं होतं. वाफेचा काटा केसभर हलला तरी ह्यांच्या लक्षात यायचं. स्वतःचं पोट रिकामं आहे, हे मात्र बापजन्मात कधी कळलं नाही.

भूक लागली, सिगारेट. झोप आली, सिगारेट. सासूबाई टोचून बोलल्या की चालले गच्चीवर धूर सोडायला! सगळी आळी ह्यांना ‘धुराडं’ म्हणायची आणि हे वर हसायचे. लाज कशाशी खातात ते ठाऊक असेल तर ना!

शेवटी मीच धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, “कुठेही हात न लावता स्वतःचे ठोके मोजा.” हे ऋषीसारखे डोळे मिटून बसले आणि बाईंनी नाडी धरून मोजले त्याच्या निम्मेच सांगितले.

बाई म्हणाल्या, “शरीर आतून खुणा करत असतं. भुकेची वेगळी, दमल्याची वेगळी, धास्तीची वेगळी. तुम्ही प्रत्येक खुणेला सिगारेटच दिलीत. आता तुमचा मेंदू सगळ्यांना तलफच समजतो. तलफ आली की आधी बघा, नक्की काय होतंय.”

मग घरी माझीच ड्यूटी. “तलफ आलीये गं.”

“जेवलात?”

“नाही.”

“मग गिळा आधी!”

चार घास पोटात गेले की तलफ गायब. ह्यांना वाटायचं, मी जादू करते.

एवढं सरळ चाललं होतं, तर ह्यांना मर्दुमकी सुचली. लेकीची शपथ घेतली. “आता कितीही तलफ येऊ दे, दातओठ खाऊन सोसणार.” मी कपाळावर हात मारला. “अहो, सोसायचं नाहीये, ओळखायचंय!” पण ऐकेल तो माणूस कसला?

त्या दिवशी कामावर छाती आवळायला लागली, हात जड झाला, अंगाला घाम फुटला. सोबतचा फिटर म्हणाला, “दवाखान्यात चला.” तर हे म्हणतात, “छे रे, तलफच आहे, जाईल. पोरीची शपथ घेतलीये.” फिटरनेच रडत रडत सांगितलं मला. पाळी सुटली तेव्हा हे खुर्चीत तसेच. उठलेच नाहीत.

आता भेटायला येणारे म्हणतात, “काही म्हणा वहिनी, जाताना व्यसन सोडून गेले.” सोडलं डोंबल!

परवा लेक विचारत होती, “आई, माझी शपथ नसती तर बाबा दवाखान्यात गेले असते का गं?”

मी तिला जवळ घेतलं आणि नाही म्हणाले. साफ खोटं बोलले. या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला कधी माफ करणार नाही.